यमाजीच्या देशाला आवतण

आमच्या घरातून लग्नाची आवतणं गेली, बारशाची गेली, जावळाची गेली. एका अख्ख्या देशाला आवतण द्यायची वेळ मात्र यंदाच्या चैत्रात पहिल्यांदाच आली, आणि ती येऊन पडली माझ्या गळ्यात.

मी कोंडीराम, राहणार तेर. उभी नोकरी मत्स्य खात्यात केली आणि तीही आमच्याच जिल्ह्यात. हे ऐकलं की माणसं आधी गप्प होतात आणि मग हसतात. "धाराशिवात मासे? टँकरनं येतात काय?" हा विनोद मी रुजू झालो त्या दिवशी ऐकला आणि निवृत्तीच्या समारंभातही ऐकला. समारंभात तो आमच्या साहेबांनीच भाषणात केला आणि टाळ्या घेतल्या. त्यात आमचं घर माळकऱ्याचं. आई, धुरपदाबाई, गळ्यात तुळशीची माळ घालणारी. लेक कुठं नोकरीला आहे असं कुणी विचारलं की ती "सरकारात हाय" एवढंच सांगायची आणि पावसापाण्याचा विषय काढायची. मी म्हणायचो, "आई, म्या मासे वाढवतो, खात न्हाय." ती म्हणायची, "वाढवतूस ते मारायलाच नव्हं?" माझा स्वभाव तापट आहे, पण आईपुढं तो चालत नसे.

तर झालं असं की, माझा धाकटा भाऊ हरिबा, त्याची मुलगी शिवांजली येरमाळ्याच्या यात्रेसाठी घरी आली होती. पोरगी माझंच बघून उदगीरला मत्स्यविज्ञान शिकली आणि आता कोचीला नोकरी करते. तिथं या हिवाळ्यात मोठं आंतरराष्ट्रीय मत्स्य प्रदर्शन भरणार आहे. आफ्रिकेतल्या देशांशी बोलून त्यांना प्रदर्शनात सामील व्हायला तयार करायचं काम हिच्याकडं. जेवताना तिनं हे सांगितलं, तेव्हा हरिबाचा घास हातातच राहिला.

"म्हंजी देश पटवायचे?"

"व्हय, बाबा."

"देश काय सोयरीक हाय का गं? आन् एखादा न्हाय म्हणला, मग?"

"एक म्हणलाय की," शिवांजली म्हणाली. "मलावी. तीनदा निमंत्रण पाठवलं, तिन्ही वेळा नको म्हणाले. समुद्र नाही त्यांना, एक मोठं सरोवर आहे नुसतं. बाकीचे तयार झाले, पण हे खात्याचे संचालक लई हट्टी. यामिकानी चिरवा म्हणून आहेत कुणी."

मी पाणी पीत होतो. ठसकाच लागला. हरिबाची बायको कोंडाबाई पाठीवर हात मारायला आतून धावत आली.

"फोटू हाय का त्याचा?" मी विचारलं.

शिवांजलीनं मोबाइल पुढं केला. पांढरे केस, काळा कोट, गंभीर चेहरा. पण डाव्या भुवईवरचा व्रण तोच होता. आमच्या धरणाच्या भिंतीवरून, दगडी पिचिंगवरून घसरून पडला तेव्हा मीच हळद दाबून भरली होती ती जखम.

"हरिबा, ह्यो आपला यमाजी हाय," मी म्हणालो.

हरिबानं फोटो जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. "चुन्याचा यमाजी?" त्यानं हळूच विचारलं.

"त्योच."

शिवांजली आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत राहिली. ही गोष्ट तिच्या जन्माच्या आधीची, आणि घरात ती कुणी काढत नसे.

एक्क्याण्णव साली केंद्राच्या कुठल्याशा योजनेत परदेशातले काही तरुण अधिकारी मासेपालन शिकायला आले होते. बाकीच्यांची रवानगी समुद्रकाठी झाली. मलावीला समुद्र नाही, तर याला बिनसमुद्राच्याच जिल्ह्यात पाठवा, असा विचार वर कुणीतरी केला. सरकारनं केलेल्या शहाण्या गोष्टी मी बोटांवर मोजू शकतो, त्यातली ही एक. सहा महिन्यांसाठी पोरगा माझ्या हाती आला. तेरला तेव्हा राहायची सोय नव्हती, म्हणून मी त्याला घरीच आणला.

यामिकानी हे नाव आईच्या जिभेवर बसेना. तिनं पहिल्याच दिवशी त्याचा यमाजी केला. तिच्या माहेरी एक यमाजी मामा होता, त्यामुळं ती त्याला घरचाच धरून चालली. त्यांच्याकडं मक्याच्या पिठाची घट्ट उकड खातात हे कळल्यावर तिनं तशी उकड करायला घेतली. दोनदा बिघडली, तिसऱ्यांदा जमली, तेव्हा तो पातेलं खरवडून जेवला. आता राहिला प्रश्न मासळीचा. त्याला मासळीवाचून चैन पडेना आणि आमच्या घरात मासळीचं नाव काढायची सोय नाही. आईनंच तोड काढली. अंगणाच्या पार टोकाला कडुनिंबाखाली तीन दगड मांडून दिले, एक वेगळं पातेलं दिलं आणि म्हणाली, "तुजा धरम तू कर, माजा म्या करते. फकस्त वास वसरीवर येऊ देऊ नगंस." तेव्हापासून तो आधी चिमूटभर माती उडवून वाऱ्याची दिशा बघायचा आणि मग चूल पेटवायचा. हवामान खात्यानंही एवढी काळजी कधी घेतली नसेल.

संध्याकाळी आम्ही धरणाच्या भिंतीवर बसायचो. तो त्याच्या सरोवराबद्दल सांगायचा, तिथल्या चांबो नावाच्या माशाबद्दल, पहाटे होड्या कशा परततात त्याबद्दल. मी त्याला रोहू, कटला, मृगळ शिकवायचो. तेवढं लक्ष देऊन माझं बोलणं त्याच्याआधी कुणी ऐकलं नव्हतं आणि नंतरही कुणी ऐकलं नाही. घरी ऐकणार कोण? आणि कचेरीत तर मी टँकरवाला. त्या दिवसांची आठवण आली की अजून मला बरं वाटतं, आणि बरं वाटता वाटता कसंसंच होतं.

आता चुन्याची गोष्ट. धरणाच्या भिंतीखाली खात्याची चार लहान तळी होती. उन्हाळ्यात ती कोरडी करायची, तळाला चुना पसरायचा, माती सुधारायची आणि पावसाचं पाणी आलं की मत्स्यबीज, म्हणजे माशांची बारीक पिल्लं, सोडायचं. "चुना टाकल्याबिगर बीज सोडायचं न्हाय," हे मी यमाजीला इतक्यांदा बजावलं होतं की तो झोपेतही म्हणाला असता. त्या वर्षी खात्याचा चुना आला नाही. मी रोज चिडचिड करायचो, वरिष्ठांना शिव्या घालायचो आणि यमाजी ते ऐकायचा.

तेवढ्यात चैत्र पौर्णिमा आली. येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी पालखी आमराईला जायला निघते आणि वाटेतल्या चुन्याच्या रानात लाखो माणसं चुनखडीचे खडे वेचतात. प्रत्येकानं पाच खडे वेचायचे आणि ढिगावर टाकायचे. त्या चुन्यानं देवीचं मंदिर रंगतं. मला उस्मानाबादेत बैठक होती, म्हणून मी यमाजीला गावातल्या लोकांबरोबर यात्रेला पाठवून दिलं. काय बघायचं, कशासाठी बघायचं, हे सांगायचं राहून गेलं.

त्यानं काय पाहिलं? उन्हात म्हातारेकोतारे, बायाबापड्या, सगळा मुलूख वाकून चुना वेचतोय आणि ढीग घालतोय. त्याला वाटलं, साहेबांचा चुना आला नाही म्हणून लोकच गोळा करतायत. असा मत्स्य विभाग जगात दुसरा नसेल, असं त्याला वाटलं असणार. त्यानंही वेचायला सुरुवात केली आणि पाचावर न थांबता गोणी भरली. हा परदेशी माणूस देवीसाठी एवढा घाम गाळतोय हे बघून लोकांना गहिवरून आलं. गोणी उचलायला चार जण पुढं झाले. "आई राजा उदो उदो" म्हणत, प्रसाद म्हणून नेत असेल असं समजून, त्यांनी ती एसटीच्या टपावर चढवली आणि हासुद्धा "उदो उदो" म्हणाला. येडशीला उतरून टेम्पोनं गोणी तेरला आणली, मोगरीनं खडे फोडले आणि चारी तळ्यांत नीट पसरले. वर अनवाणी पायांनी तुडवून मातीत मिसळले, मी शिकवलं होतं अगदी तसे.

सांजेला मी आलो तेव्हा तळ्याच्या काठावर निम्मं गाव उभं होतं. देवीचा चुना पायाखाली तुडवला. कुणी हात उचलला नाही, कुणी शिवी दिली नाही, पण सगळे असे गप्प होते की त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. यमाजीला कुणीतरी मोडक्यातोडक्या इंग्रजीत काय झालं ते सांगितलं होतं. तो तळ्याच्या तळाला गुडघ्यांवर बसून मातीत मिसळलेला चुना चिमटीनं वेचत होता. पुन्हा गोणीत भरत होता. मी त्याला उठवायला गेलो तर उठेना. मग आई आली. ती खाली उतरली, त्याच्या शेजारी मातीत बसली आणि त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे, बाळा," ती म्हणाली. "तिचा चुना हाय. ती बघंल काय करायचं ते."

दुसऱ्या दिवशी आई आमराईत जाऊन देवीपुढं बसून आली. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही. "रागावली न्हाय ती," एवढंच म्हणाली. गावानं तिच्या शब्दाखातर विषय सोडला. पण यमाजीनं सोडला नाही. आठवड्यानं त्याची मुदत संपली. एसटीत बसताना तो आईच्या पाया पडला आणि मग त्यानं खिडकीतून एकदाही बाहेर बघितलं नाही. आई फाट्यावर धूळ बसेपर्यंत उभी होती. "पोरगं हसलं न्हाय रं जाताना," असं ती पुढं कितीतरी वर्षं म्हणायची, भाकरी थापता थापता, मधेच. पत्रं आली दोन-तीन. त्यात त्यानं त्या दिवसाचा उल्लेख केला नाही. मीही केला नाही. मग पत्रंही थांबली.

हे सगळं ऐकून शिवांजली म्हणाली, "तात्या, तुम्ही बोला त्यांच्याशी. तुमचं ऐकतील."

"आगं, म्या कोण? रिटायर माणूस."

"तुम्ही त्यांचे गुरू."

गुरू म्हटलं की माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढतो, तसा मी चढलो. पण खरं सांगतो, मला प्रदर्शनाचं काही पडलं नव्हतं आणि देशाचंही नाही. मला यमाजी एकदा समोर हवा होता. तो मान खाली घालून गेला होता, तो वर मान करून परत यावा, बस्स. आईच्या मनात राहून गेलेलं एवढं एकच काम होतं आणि ते आता करणारा मीच उरलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल ठरला. आमची दुपार, त्यांची सकाळ. हरिबाच्या नव्या शेततळ्यावर रेंज चांगली येते, म्हणून आम्ही तिथं बाभळीच्या सावलीत खुर्च्या टाकल्या. शेततळ्याच्या तळाचा प्लॅस्टिकचा कागद नुकताच अंथरून झाला होता. तो वाऱ्यानं उडू नये म्हणून विहिरीचं थोडं पाणी सोडायची हरिबाची गडबड चालली होती. मी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि सकाळपासून इंग्रजी मनात घोळवत होतो. माझी इंग्रजी म्हणजे खात्याची इंग्रजी. तिच्यात अर्ज करता येतो, खुलासा मागता येतो, माया करता येत नाही.

पडद्यावर तो आला. दोन्ही बाजूंना दोन अधिकारी. मला बघून त्याचे ओठ थोडे हलले, पण बाजूला माणसं होती. "नमस्कार, मिस्टर कोंडीराम," तो म्हणाला. मीही नमस्कार केला. मग मी सुरू झालो. प्रदर्शनाचं महत्त्व, सहभागाचे फायदे, दोन्ही देशांचे संबंध. शिवांजली खालून मुद्दे पुढं सरकवत होती आणि मी वाचत होतो. एकदा तर मी "सविनय सादर" अशा अर्थाचं काहीतरी म्हणालो. तिनं डोक्याला हात लावला.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मागं एका देशात आम्ही अशाच प्रदर्शनाला गेलो होतो. आम्हाला कँटीनच्या मागची जागा दिली. टेबलामागं भलामोठा देवमासा रंगवलेला होता. आमच्या सरोवरात देवमासा नाही. लोक थांबायचे आणि विचारायचे, तुमचं बंदर कुठंय? नाही म्हटलं की हसून पुढं जायचे. माझ्याबरोबर तीन मासेमार आले होते, त्यांनी पहिल्यांदा चांगले कोट शिवले होते. मी त्यांना पुन्हा तिथं उभं करणार नाही."

मी कागद बाजूला ठेवले. "माझ्या जिल्ह्याबद्दल लोक काय विचारतात, माहीत आहे?" मी म्हणालो. "तुमचे मासे टँकरनं येतात का म्हणून. माझ्या निवृत्तीला माझा साहेबच हे बोलला. मी तुला त्या लोकांत बोलवत नाही, मी..." पुढं इंग्रजी सापडेना. तो थोडा हसला. पण मान हलली ती नकाराचीच.

"नाही," तो म्हणाला. अधिकाऱ्यांनी कागद गोळा करायला घेतले. संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात तो पुढं झुकला आणि आमच्या बोलीत, थांबत थांबत, म्हणाला, "कोंडी, आई कशी हाय?"

त्याचे अधिकारी त्याच्याकडं बघायला लागले. इतकी वर्षं ते शब्द त्यानं कुठं जपून ठेवले होते कोण जाणे. मला खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

"आई न्हाय आता, यमाजी," मी म्हणालो. "बारा वर्सं झाली."

त्यानं चष्मा काढून ठेवला. मग इंग्रजीत म्हणाला, "तिच्या मनात होतं का ते? मी तिच्या देवीचा चुना तुडवला ते? मी पुष्कळदा भारतात येऊ शकलो असतो. दोनदा तर तिकीटही हातात होतं. पण तिच्यासमोर जायचं माझ्यानं झालं नाही."

मी तोंड उघडणार, तोच मागून कोंडाबाईचा आवाज आला. ती शेततळ्याच्या काठावर उभी राहून हरिबाला झापत होती. "आवो, थांबा की! मोटार चालू करू नगा. खडे सोडल्याबिगर पाणी सोडायचं असतंय व्हय?"

माझ्या लक्षात आलं. ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर दर साली घडत होती आणि ती त्याला सांगायला हवी हे मला कधी सुचलं नव्हतं. मी मोबाइल उचलला आणि तिच्याकडं वळवला.

"यमाजी, बघ," मी म्हणालो आणि मग इंग्रजीची फिकीर न करता जे आलं ते बोलत गेलो. तो गेला त्या साली पाऊस वेळेवर आला, चारी तळी भरली आणि बीज असं धरलं की खात्यातून माणसं बघायला आली. गाव म्हणालं, देवीनं चुना मान्य केला. पुढं शेततळी आली. पहिलं शेततळं आमचं. आईनं येरमाळ्याहून पाच खडे आणले आणि पाणी सोडायच्या आधी स्वतःच्या हातानं त्यात सोडले. "यमाजीच्या नावानं," म्हणाली. तिचं बघून शेजारणीनं केलं, शेजारणीचं बघून वाडीनं. आज आमच्या भागात शेततळ्यात मासे टाकायचे असोत की नसोत, यात्रेत वेचलेले पाच खडे पडल्याशिवाय बाया मोटार चालू करू देत नाहीत.

पडद्यावर तो डोळे बारीक करून बघत होता. कोंडाबाईनं पदरातून एकेक खडा काढला. कागद फाटू नये म्हणून काठावर बसून अलगद आत सोडला आणि हात जोडले.

"कोंडाबाई," मी ओरडलो, "हे कवापासून करत्यात गं?"

तिला काही ठाऊक नव्हतं. ती लग्न होऊन आली ती पहिल्या शेततळ्याच्याही नंतर. "पूर्वीपासून हाय की, भाऊजी," ती म्हणाली. "वाडवडलांपासून."

मी ते त्याला समजावून सांगितलं. वाडवडील म्हणजे तू, असं म्हणालो. तो हसायला लागला. पोरगं एकदाचं हसलं. हसता हसता त्यानं तोंडावर रुमाल धरला आणि तो खाली घेतला तेव्हा डोळे लाल होते. मग तो आपल्या माणसांकडं वळून त्यांच्या भाषेत किती तरी वेळ सांगत राहिला. आधी ते गोंधळले, मग त्यातला एक हसला, मग दोघेही. एकानं "उदो उदो" म्हणून बघितलं. आई असायला हवी होती. मला एवढंच सारखं वाटत होतं, की आई असायला हवी होती.

शिवांजलीनं संधी साधली. पोरगी कामाची आहे. "सर, यावेळी सरोवरांचे आणि तळ्यांचे देश पुढच्या दालनात असतील. देवमासा असणार नाही. माझा शब्द."

यमाजी तिच्याकडं बघून आदरानं हसला. "मुली, शब्द मागच्या प्रदर्शनवाल्यांनीही दिला होता. कोंडी, मला तू सांग. तू असशील ना तिथं?"

"म्या?" मी म्हणालो. "म्या कशाला असंन? मला कोण बोलावतंय?"

"तुझ्या जिल्ह्याची जागा कुठं आहे?"

मी शिवांजलीकडं बघितलं. तिची मान खाली गेली. महाराष्ट्राच्या दालनात किनारा होता, बोटी होत्या, कोळंबी होती. आमचं नाव नव्हतं. खरं म्हणजे ते मला न विचारताच ठाऊक होतं. नोकरीत असतानाही कुठल्या प्रदर्शनाला, कुठल्या परिषदेला आमच्या जिल्ह्याला बोलावणं आलं नाही. पहिली काही वर्षं मी वाट बघायचो. मग "मला न्हाय आवडत असली मिरवामिरवी" असं सांगायला लागलो. पुढं पुढं ते मलाच खरं वाटायला लागलं.

"म्हणजे तुला जिथं बोलावलेलं नाही," यमाजी हळू म्हणाला, "तिथं तू माझ्या देशाला बोलावतोयस."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते लागलं. मी इकडं तिकडं बघितलं. हरिबा मोटारीपाशी थांबला होता, कोंडाबाई पदर सावरत होती. सगळे माझ्याकडं बघत होते.

शिवांजली खुर्चीवरून उठली. "तात्या येतील," ती म्हणाली. "धाराशिव जिल्हा, शेततळ्यातले मासे. मलावीच्या शेजारची जागा. आज रात्रीच मी साहेबांशी बोलते. नाही म्हणाले तर भांडते."

"ए पोरी, मला इचारलंस का?" मी खेकसलो.

"आता विचारते. येता का, तात्या?"

एवढा वेळ मी एका देशाला सांगत होतो, की जावं, चार लोकांत उभं राहावं, आपलं असेल ते दाखवावं. आणि आता माझ्याच तोंडून साधा एक शब्द निघेना. वय झालं, गुडघे दुखतात, शेततळं काय दाखवायचं, लोक हसतील, असं सगळं तोंडात येत होतं आणि त्यातलं एकही खरं नव्हतं.

पडद्यावर यमाजी थांबून होता. तो आता पाठीमागं रेलला नव्हता, त्याच्या बाजूच्या माणसांनीही कागद खाली ठेवले होते. त्यानं हात पुढं केला, जसा काही तो बाभळीखाली माझ्यासमोरच उभा आहे.

"म्या येतो. चल की रं, कोंडी," तो म्हणाला.

मी हो म्हणालो. आणि हो म्हटल्यावर कळलं, की 'चल' हा एक शब्द कुणीतरी आपल्याला म्हणावा, याची मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून वाट बघत होतो.